मासिकातली कथा, पुस्तकातली कथा : एम.ए. मराठीच्या संशोधन प्रकल्पाचा माझा अनुभव

एम.ए. मराठीच्या नव्या रचनेत संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. म्हणजे हाताशी जेमतेम एक वर्ष, आणि त्यातही बाकीचे पेपर असतातच. एवढ्या अवधीत एखाद्या लेखकाच्या ‘समग्र वाङ्मयाचा चिकित्सक अभ्यास’ होत नाही. कथानकांचे सारांश तेवढे होतात. म्हणून मी विषय मुद्दाम अरुंद घेतला : १९१० ते १९३० या काळात ‘मासिक मनोरंजन’मध्ये छापून आलेल्या एकाच कथाकाराच्या पाच कथा, आणि त्या पुढे पुस्तकात आल्या तेव्हा त्यांच्यात काय बदललं. अशा कामाला सिद्धान्त नंतर लागतो. आधी लागतात ती मासिकाची मूळ पानं.

विषय पक्का करण्याआधी शोधगंगेवर (विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) पाहून घ्यावं. तिथे मराठी प्रबंधांची शीर्षकं कुठे देवनागरीत टाकलेली असतात, कुठे रोमन लिपीत, आणि रोमनमध्येही एकच आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. सगळे प्रकार टाकून शोधावं लागतं. बरेचसे जुने प्रबंध नुसती पानांची चित्रं म्हणून चढवलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर शोधात येत नाही. अनुक्रमणिकेची फाइल उघडून वाचायची, एवढाच मार्ग. आपल्या लेखकावर आधी प्रबंध झालेला असला तरी घाबरायचं कारण नाही. त्यात मासिकाची पानं वापरली आहेत की पुस्तकातल्या आवृत्त्या, हे संदर्भसूचीतून पाच मिनिटांत कळतं. बहुतेकांनी पुस्तकंच वापरलेली असतात, आणि आपल्याला मोकळी असलेली जागा तीच.

मग अंक शोधायचे. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ साली प्रसिद्ध केली. तिच्यात १८०० ते १९५० हा काळ येतो. कोणतं नियतकालिक कधी आणि कुठून निघालं हे पाहायला सुरुवात तिथूनच करावी. प्रत्यक्ष अंकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), पुणे मराठी ग्रंथालय (१९११) आणि आपल्या विद्यापीठाचं ग्रंथालय अशी फेरी धरावी. एका ठिकाणी सगळी वर्षं सलग मिळतील असं समजून वेळापत्रक आखू नये. जाण्याआधी फोन करून साप्ताहिक सुट्टी, संदर्भ विभागाची वेळ आणि छायाचित्रांचे नियम विचारून घ्यावेत. सोबत विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं शिफारसपत्र, महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि दोन फोटो हवेत. पत्रात विषय आणि हवी असलेली वर्षं स्पष्ट लिहून घेतली की कपाटापर्यंत जाणाऱ्या माणसाचं काम सोपं होतं. ‘जुने अंक दाखवा’ असं सांगितलं तर कोणीच काही काढू शकत नाही.

बांधीव खंड हातात आला की आधी शेवटचा अंक उघडावा. वर्षाची एकत्रित अनुक्रमणिका छापली असेल तर बहुतेकदा तिथे असते. पण नुसत्या तिच्यावर विसंबू नये, कारण तिच्यात स्फुटं, पत्रव्यवहार आणि संपादकीय टिपा नेहमी नोंदवलेल्या नसतात. कथेबद्दल वाचकाने पुढच्या अंकात लिहिलेलं पत्र किंवा संपादकाची दोन ओळींची टीप प्रकल्पाला मोठा आधार देऊन जाते. म्हणून कथेच्या अंकामागचा एक आणि पुढचे दोन अंक पानन् पान चाळायचे. बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत होती. त्यामुळे अंकाचा महिना दाखवणारं पानच कधी कधी गायब असतं. अशा वेळी दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत पाहावीच लागते.

तारखेचा घोळ हमखास होतो. काही अंकांवर शक आणि मराठी महिनाच दिलेला असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या भागाला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या भागाला ७९. शके १८३२ चा आश्विन म्हणजे १९१०, पण त्याच शकाचा माघ १९११ मध्ये पडतो. सरसकट ७८ मिळवले की कथा एक वर्ष मागे सरकते, आणि ‘पहिल्यांदा कोणी लिहिलं’ अशा वादात त्या एका वर्षाने सगळंच उलटंपालटं होतं. मासिकाचं ‘वर्ष’ही जानेवारीतच सुरू होतं असं धरू नये. म्हणून नोंद करताना छापलेलं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं (वर्ष, अंक, महिना, शक) आणि इसवी सन शेजारी वेगळ्या रकान्यात लिहायचा.

छायाचित्रं काढताना क्रम ठरवून घ्यावा : आधी खंडाचं शीर्षकपान, मग दाखल क्रमांकाचा शिक्का, मग अंकाचं पहिलं पान आणि त्यानंतर कथा. प्रत्येक फोटोत पानाचा आकडा आलाच पाहिजे. आकडा नसलेला फोटो घरी गेल्यावर कुठलाच उरत नाही. फ्लॅश वापरू नये, खिडकीजवळचा आडवा उजेड पुरतो. कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान कोपऱ्याने उलटलं तर कोपराच हातात येतो, म्हणून पानाच्या मधोमध तळहात देऊन उलटावं. घट्ट बांधणीत शिवणीकडची अक्षरं आत जातात. खंड दाबून सपाट करायचा मोह टाळावा. ती ओळ तिथेच बसून हाताने उतरवून घ्यावी. त्याच दिवशी फाइलींना ‘मासिक-वर्ष-अंक-पृष्ठ’ अशी नावं द्यावीत.

पुस्तकाची पहिली आवृत्ती शोधणं हे वेगळंच प्रकरण. नवा प्रकाशक जुनं पुस्तक काढतो तेव्हा ‘प्रथमावृत्ती’ छापतो, आणि त्याचा अर्थ ‘आमची पहिली’ एवढाच असतो. शीर्षकपानामागची प्रकाशनाची माहिती, प्रस्तावनेखालची तारीख आणि मुद्रणालयाचं नाव या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात. पाठ्यपुस्तकातली किंवा निवडक कथांच्या संपादित पुस्तकातली प्रत तुलनेला चालत नाही. तिथे लांबीसाठी काटछाट झालेली असते आणि ती लेखकाची नसते.

आता खरं काम, पाठ (म्हणजे एकाच कथेची वेगवेगळी छापील रूपं) जुळवण्याचं. प्रत्येक छापील रूपाला एक खूण द्यायची : मासिकाला ‘मा’, पहिल्या आवृत्तीला ‘सं१’, लेखकाच्या हयातीतल्या सुधारून वाढवलेल्या आवृत्तीला ‘सं२’. मी ‘मा’ हा मूळ पाठ धरला, कारण संपादकापुढे आणि वाचकापुढे कथा प्रथम आली ती त्या रूपात. काही अभ्यासक लेखकाने शेवटचा हात फिरवलेला पाठ मूळ धरतात, त्यालाही आधार आहे. आपण काय धरलं आणि का, हे पहिल्याच प्रकरणात लिहून टाकायचं.

डोळ्यांनी दोन प्रती ताडून पाहिल्या तर फरक निसटतात, कारण ओळखीचं वाक्य मन आपोआप दुरुस्त करून वाचतं. एकाने ‘मा’ मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ‘सं१’वर बोट ठेवून पाहायचं, हीच खात्रीची रीत. वाचणाऱ्याने स्वल्पविराम, परिच्छेद, अवतरणचिन्ह, अनुस्वार सगळं बोलून दाखवायचं. तासाभराने माणसं बदलायची. त्याहून जास्त वेळ ऐकणाऱ्याचं लक्ष टिकत नाही. एकच शब्द दोन ओळींच्या शेवटी आला की नजर एकीवरून दुसरीवर उडते आणि मधला मजकूर गळतो. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या हातूनही नेमकं हेच व्हायचं. म्हणून पुस्तकात एखादं वाक्य गाळलेलं दिसलं तर त्याच्या दोन्ही टोकांना सारखा शब्द आहे का हे आधी पाहायचं. असेल तर ती लेखकाची काटछाट म्हणता येत नाही.

नोंदी एक्सेलमध्ये केल्या. रकाने असे : कथा, मासिकातलं पान आणि ओळ, मा पाठ, सं१ पाठ, सं२ पाठ, प्रकार, शेरा. प्रकारासाठी एकेक अक्षर पुरतं – ‘ले’ म्हणजे लेखनपद्धती, ‘वि’ विरामचिन्हं, ‘रू’ शब्दरूप, ‘श’ शब्दबदल, ‘ग’ गाळलेलं, ‘भ’ भर घातलेली, ‘क्र’ क्रमबदल. हे वर्गीकरण सुरुवातीलाच केलं नाही तर पुढे शेकडो फरकांच्या ढिगात महत्त्वाचे दहा-पंधरा दिसेनासे होतात.

नमुन्यादाखल एक साधं वाक्य घेऊ. मासिकाच्या काळातल्या पद्धतीने ते असं छापलं जाईल : ‘त्यानें तें घरांत ठेविलें.’ नंतरच्या पुस्तकात : ‘त्याने ते घरात ठेवले.’ वरवर पाहता चारही शब्द बदलले. पण त्यानें, तें, घरांत या तिन्हींतला फरक ‘ले’चा आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे त्यानंतरच्या आवृत्तीत ते असणारच नाहीत. त्यात लेखकाचा हात शोधू नये. ‘ठेविलें’चं ‘ठेवले’ होताना मात्र दोन गोष्टी घडल्या. अनुस्वार गेला तो ‘ले’, आणि क्रियापदाचं रूपच बदललं तो ‘रू’. हा रूपबदल लेखकाने केला की मुद्रितं तपासणाऱ्याने, हे एका वाक्यावरून ठरत नाही. पाचही कथांत निवेदनातली अशी रूपं बदलली आणि म्हाताऱ्या पात्रांच्या तोंडची तशीच राहिली, असं दिसलं तर मात्र मागे विचार होता असं म्हणायला जागा होते. अनुस्वारही सरसकट निरर्थक समजू नये. ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन, ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन. हा भेद जुन्या छपाईत डोळ्यांना दिसे. आजच्या आवृत्तीत वाक्य संदिग्ध झालं असेल तर शेऱ्यात तसं लिहावं.

लेखनाच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त मिळतं ते ‘ग’ आणि ‘भ’ या रकान्यांत. वाचकाला उद्देशून केलेलं संबोधन कुठे काढलं, शेवटचा उपदेशाचा परिच्छेद ठेवला की छाटला, संवादाआधीचं ‘ती रागाने म्हणाली’ यातलं ‘रागाने’ गेलं का – कथेचं तंत्र शिकवणारी व्याख्यानं मीही ऐकली आहेत, पण लेखकाने स्वतःच्याच वाक्यावर कुठे कात्री चालवली हे समोरासमोर ठेवून पाहण्याची सर त्यांना नाही. या रकान्यांना मी सबंध प्रकरण दिलं. ‘ले’ आणि ‘वि’ परिशिष्टात गेले.

शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) जवळ हवा. दोन्ही आंतरजालावर शोधता येतात. आजच्या कोशातला अर्थ १९१५ च्या वाक्यावर लादला की अन्वय घसरतो.

टंकलेखनासाठी पहिल्या दिवसापासून युनिकोड. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकून नंतर बदललेल्या मजकुरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. छायाचित्रातून मजकूर ओळखून घ्यायची सोय गूगल ड्राइव्हमध्ये आहे, पण जुन्या छपाईवर ती ध-घ, भ-म, थ-य यांत गल्लत करते आणि अनुस्वार गिळते. कोशात शब्द शोधायला ठीक, पाठ जुळवायला निरुपयोगी. आणखी एक : ‘सगळे अनुस्वार काढा’ असा आदेश संगणकाला कधी देऊ नये. संवादातलं आजचं ‘केलं’, ‘असं’ त्यात मारलं जातं.

लेखनाचा क्रम मी उलटा ठेवला. आधी परिशिष्टातली कोष्टकं, मग त्यांवरची दोन प्रकरणं, मग मासिकाची पार्श्वभूमी (मनोरंजन १८९५ साली का. र. मित्र यांनी काढलं, १९०९ साली दिवाळी अंक दिला – एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर दहा पानं खर्चू नयेत) आणि सर्वांत शेवटी प्रस्तावना. तळटीपांत ‘तत्रैव’ (लगेच आधीच्या टीपेतलंच पुस्तक) आणि ‘उनि’ (पूर्वी उल्लेखलेलं पुस्तक) अगदी शेवटच्या खर्ड्यातच घालावेत. मार्गदर्शक परिच्छेद हलवायला सांगतात, परिच्छेद हलतो आणि ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. तोवर प्रत्येक टीपेत आडनाव, वर्ष आणि पृष्ठ पूर्ण लिहावं. संदर्भसूची संगणकाने अकारविल्हे लावली तरी ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ची जागा डोळ्यांनी तपासावी. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर.

साम्यतपासणीत (वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या संगणकीय तपासणीत) पाठभेदांची कोष्टकं आणि अवतरणं ‘उचललेला मजकूर’ म्हणून दाखवली जाऊ शकतात. तपासणीआधी अवतरणं आणि परिशिष्टं वगळण्याची लेखी विनंती विभागाकडे द्यावी, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

मौखिकीत प्रश्न बहुधा तीन दिशांनी येतात : मूळ पाठ हाच का, बदल लेखकाचेच कशावरून, आणि यातून कथेच्या अर्थात काय फरक पडला. तिसऱ्यासाठी प्रत्येक कथेतला एकच बदल निवडून तयार ठेवावा आणि त्या पानांची छायाचित्रं, मासिकाचं डावीकडे आणि पुस्तकाचं उजवीकडे, अशी छापून न्यावीत. परीक्षक ती हातात घेऊन स्वतः वाचू लागतात आणि पुढचे प्रश्न पानावरचेच होतात. पीडीएफ देताना फाँट आत बसवला आहे का ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावं. एक्सेलची मूळ फाइलही विभागाच्या ग्रंथालयात ठेवायला द्यावी, म्हणजे त्याच मासिकावर काम करणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला सहाव्या कथेपासून सुरुवात करता येते.