एक शून्य कमी

मिरगाच्या पहिल्या सरीबरोबर देवगडात लाईट गेली. पडवीत इन्व्हर्टरवर लॅपटॉप कसाबसा तग धरून होता आणि सेपोलिया या इथेरियमच्या चाचणीसाठीच्या ब्लॉकचेनवरून सोडलेला माझा मेसेज आर्बिट्रम सेपोलिया या दुसऱ्या चाचणी-चेनच्या दारात तटून बसला होता.

लेअरझिरोवर, म्हणजे एका चेनवरून दुसरीवर निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेवर, मेसेज पाठवताना पलीकडच्या चेनवर त्याला किती गॅस, म्हणजे काम चालवायचं इंधन, लागेल ते इकडेच सांगायचं, पैसेही इकडेच भरायचे. हे सगळं 'ऑप्शन्स' नावाच्या बाइट्सच्या लांबलचक ओळीत जातं. ती हाताने जुळवायचा मला कंटाळा. म्हणून त्यांचं टर्मिनलवरचं छोटं टूल एनपीएक्स या कमांडने चालवतो. ते टाइप विचारतं (३च घ्या, १ आणि २ जुने झाले), गॅस विचारतं आणि ओळ काढून देतं.

मी गॅस टाकला २०,०००. टाकायचा होता २,००,०००. टूलने मुकाट ओळ दिली. माझं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवरचा माझा प्रोग्रॅम, पलीकडे काय करतं, त्याला काय ठाऊक? रिकाम्या स्टोरेजमध्ये एक आकडा लिहायलाच २२,१०० गॅस जातो.

मग काजव्याएवढ्या उजेडात ती हेक्समधली, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या आकड्यांतली, ओळ वाचत बसलो. ०००३ म्हणजे टाइप ३. ०१ म्हणजे एक्झिक्युटर, पलीकडे मेसेज चालवणारा. ००११ म्हणजे पुढे १७ बाइट्स. ०१ म्हणजे एलझेड-रिसीव्ह, कॉन्ट्रॅक्टमधलं मेसेज उतरवून घेणारं फंक्शन. पुढे शून्यांची ही रांग, आणि शेपटाला ३०डी४० असेल तर दोन लाख. माझ्या शेपटाला ४ई२०! दशमानात गाळलेलं शून्य हेक्समध्ये शून्य म्हणून दिसतच नाही.

अण्णा झोपाळ्यावर होते. काय अडलं म्हणून विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. जन्मभर मुंबईला आंब्याच्या पेट्या पाठवलेला माणूस. म्हणाले, "थंय उतरून घेतलो कोण? तेची हमाली आधीच धरूक व्हयी."

पेटी हरवली नव्हती, एवढं बरं. डीव्हीएनची, म्हणजे मेसेज खरा आहे का ते तपासणाऱ्यांची, पडताळणी झालेली होती, फक्त चालवताना गॅस संपला होता. अशा वेळी पलीकडून कुणीही जास्त गॅस लावून तोच मेसेज पुन्हा चालवू शकतो. लाईट आल्यावर तेच केलं.

आता दोन लाख एनफोर्स्ड ऑप्शन्समध्येच, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट दर मेसेजला सक्तीने लावतं त्या ऑप्शन्समध्ये, घालून ठेवलेत. फ्रंटएंडमधले, म्हणजे वापरणाऱ्याच्या समोरच्या पानातून मेसेजसोबत वेगळे जाणारे, जुने एक्स्ट्रा ऑप्शन्स तेवढे काढायचे राहिलेत. दोन्हीकडचा गॅस बेरजेत धरतात, म्हणजे दुप्पट हमाली.