कूलरमधली पोट्टी

यंदा आमच्या घरी कूलर लागला एप्रिल संपता संपता. नागपूरकराला यापुढे काही सांगायची गरज नाही, पण कारण ऐकून माझा मेहुणा फोनवर दोन मिनिटं नुसता हसत होता म्हणून लिहून ठेवतो.

झालं असं की होळी झाल्यावर एका दुपारी कूलरच्या ताट्यांचं गवत बदलायला म्हणून बाल्कनीत गेलो, मागची ताटी मीच दिवाळीत काढून ठेवली होती ती तशीच राहिलेली, आणि आत टाकीच्या कोरड्या तळाशी चार काड्या, खराट्याचा एक हीर, केबलवाल्याने टाकून दिलेला वायरीचा तुकडा, आणि त्यावर कबुतराची दोन पांढरी अंडी. याला घरटं म्हणायचं तर सुगरणीने काय म्हणायचं! बायको म्हणाली, "राहू द्या आता, पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे." अंडी फुटली की पिल्लं भुर्रकन उडतात असा तिचा समज. मला खरा हिशोब माहीत होता, अठरा दिवस अंड्यावर आणि वरून महिनाभर, पण मी गप्प बसलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर माणूस काही हिशोब स्वतःजवळच ठेवतो.

हा हिशोब मला नागपूरच्या महाल भागातल्या एका मामांनी शिकवला. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो, आमच्या गच्चीला लागून त्यांची गच्ची, तिच्यावर कबुतरांची लाकडी खोक्यांची ढाबळ. मामा कोणाचेच मामा नव्हते, सगळ्या गल्लीचे होते. गिरेबाज कबुतरं उडवायचे, दोन-चार लक्के, पंख्यासारख्या शेपटीचे, नुसते शोभेला. अंडं फुटलं की भिंतीवर खडूने रेघ मारायची आणि मग रोज एक. रेघा अठ्ठावीस-तीस झाल्या की एक दिवस सकाळी म्हणायचे, "आज तोडतो यायले."

तोडतो. हा शब्द मला तेव्हा फार लागायचा. त्याच वर्षी आईने धाकटीला अंगावरून तोडलं होतं, कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता, आणि धाकटी रात्र रात्र रडायची. त्यामुळे मामांनी पिल्लं तोडायची म्हटलं की मी कठड्याला धरून उभा, आता काय कडू लावतात बघायला. ते काहीच लावायचे नाहीत. पिल्लू उचलायचे, दुसऱ्या खोक्यात ठेवायचे, जाळी बंद. बस. पलीकडे आई केव्हाच पुढच्या अंड्यांवर बसलेली असायची, ती मान वळवूनही बघत नसे. बाप मात्र थोडा वेळ जाळीपुढे येरझारा घालायचा.

बापाचं जरा सांगायलाच पाहिजे. कबुतरात बापालाही दूध येतं. म्हणजे गळ्यातल्या पिशवीत पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी तयार होतं, आईच्याही आणि बापाच्याही, आणि पहिला आठवडाभर पिल्लू त्याच्यावरच. चिमणी चोचीतला घास पिल्लाच्या तोंडात टाकते, इथे उलटं, पिल्लूच आपली चोच आईबापाच्या तोंडात घालतं, पार घशापर्यंत, आणि दोघंही अशी हलतात की वाटावं भांडण चाललंय. आपल्याकडे चिऊचा घास असतो, काऊचा असतो, कबुतराचा घास कोणी म्हणत नाही ते बरंच आहे.

आणि ड्युट्याही ठरलेल्या. आमच्या कूलरमधला बाप सकाळी दहाच्या सुमारास यायचा आणि उन्हं कलेपर्यंत अंड्यावर बसायचा, मग आई यायची ती सकाळपर्यंत. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, जिथे आता मॉल आहे तिथे. शिफ्टवरून रात्री उशिरा यायचे, आम्ही झोपलेलो. मी जेवणाचा चोर होतो, पानातलं ताटाखाली लपवायचो, हे आई त्यांना सांगायची. मग ते हात धुऊन माझ्याजवळ येऊन पोट चाचपायचे. मी जागा असायचो आणि पोट फुगवून धरायचो. पुढे त्यांना कळलं होतं की नाही कोणास ठाऊक, कधी बोलले नाहीत.

मामाही अस्सेच चाचपायचे. तोडलेली पोट्टी, म्हणजे पिल्लं, पहिल्या दिवशी काही खात नाहीत, कोपऱ्यात अंग फुगवून चिं चिं करत बसतात, कोणीही जवळ गेलं की त्याच्या मागे पंख फडफडवत धावतात, मामांच्या अंगठ्याच्या मागेसुद्धा. म्हणून मामा त्यांच्यात एक म्हातारा लक्का सोडायचे, त्याचं नावच मास्तर. उडणं त्याच्याच्याने होत नव्हतं, शेपटीचा पंखा झडलेला, पण खाण्यात पक्का. तो ज्वारी टिपायला लागला की पिल्लं नुसती बघायची, मग एखादं दाण्यावर चोच मारायचं, दाणा उडायचा, परत मारायचं. मका द्यायचा नाही, मोठा पडतो, ज्वारी नाहीतर मूग. पाणी शिकवायला मामा पिल्लाची चोच वाटीत बुडवायचे, नाकाची भोकं वर ठेवून. कबुतर गायीसारखं पाणी ओढतं, कोंबडीसारखं मान वर करून नाही, एकदा ओढलं की शिकलं. आणि अंधार पडायच्या आत एकेकाला हातात घेऊन गळ्याखाली बोट. "पोटा पाह्यतो. भरला का नाही." रिकामा लागला तर भिजवलेला हरभरा एकेक करून चोचीत. मला एकदा हात लावू दिला होता, दाण्यांनी भरलेली ती पिशवी, गरम, लहान मुलाच्या खुळखुळ्याच्या थैलीसारखी.

तर आमच्या कूलरमध्ये अंडी फुटली. लोक म्हणतात कबुतराचं पिल्लू कधी दिसत नाही, दिसत नाही ते बरं, पिवळे केस, काळपट कातडी, अंगापेक्षा चोच मोठी. पुरतं मोठं झाल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. मी मास्क लावून लांबून बघायचो, ती घाण छातीला चांगली नाही, मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून झाकला तो काय उगीच नाही. बायको बाल्कनीचं दार उघडायची नाही आणि कूलरही लावू द्यायची नाही. तापमान बेचाळीस. हॉलमध्ये पंख्याखाली ओला टॉवेल टाकून झोपलो आम्ही, दोन कबुतरांसाठी, ज्यांना मी एरवी हाड हाड करून हाकलतो.

मग आई येईनाशी झाली. शेजाऱ्यांच्या एसीच्या मागे दुसरा संसार मांडला असणार. बाप एकटाच यायचा, पिल्लं जवळजवळ त्याच्याएवढी, दोघं दोन्हीकडून चोच घुसवायची, तो बिचारा मागे सरकत सरकत टाकीच्या काठावर. एक दिवस त्याने दोघांनाही टोचून काढलं आणि उडून गेला. परत आला नाही. कोणी तोडलं नाही, कोणी रेघा मारल्या नाहीत.

चार दिवसांनी टाकी घासली, गवत बदललं, पाणी भरलं. त्या संध्याकाळी कूलरच्या आवाजाला दचकून की काय, एक पिल्लू समोरच्या इमारतीच्या पाइपवर येऊन बसलं, अंग फुगवून, चिं चिं करत. मी ज्वारी कठड्यावर ठेवली आणि बायको म्हणाली, "घ्या, आता बोलवा परत." ठेवलेली उचलली. मग थोड्या वेळाने परत ठेवली.

अंधार पडत होता. पोटा भरलाय की नाही, एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं.