आमची वाटचाल : आकडी, लोकर आणि लिनन

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हिवाळा लांबलचक असतो आणि आकडीने (हुकाने) भरलेले गालिचे इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. ताणलेल्या जाड्याभरड्या कापडाखाली लोकरी पट्टी धरायची, वरून आकडी घालून तिचा फासा ओढायचा. गाठ नाही, शिलाई नाही; दाटीनं बसलेले फासेच एकमेकांना धरून ठेवतात. एकोणिसाव्या शतकात मासेमारांच्या बायका धान्य-साखरेची पोती उसवून त्यांवर जुने कपडे भरायच्या. त्या पोत्यांचा ताग आपल्या बंगालचा. पुढे 1892 पासून इथल्याच न्यू ग्लासगो गावचे जॉन गॅरेट छापील नक्षीची तरटं विकू लागले.

अशा गालिच्यांचं सामान आम्ही नवरा-बायको विकतो. आमची सुरुवात जुन्या लोकरी कपड्यांपासून झाली. ह्यांचं बालपण सांगलीत वडिलांच्या कापडाच्या दुकानात गेलेलं, त्यामुळे कापड चिमटीत धरलं की त्याची जात ह्यांना कळते. जुने स्कर्ट, ब्लँकेटं आणायची, अस्तर-बटणं काढायची. शंका आली तर एक धागा जाळून बघायचा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर अस्सल लोकर. टणक गोळी झाली तर भेसळ. मग गरम पाण्यात धुऊन कापड आटवायचं, म्हणजे वीण दाट होते आणि पट्टी कापल्यावर धागे सुटत नाहीत. सूटिंगचं गुळगुळीत कापड कितीही भारी असलं तरी आम्ही घेत नाही, त्याची पट्टी विस्कटते.

पट्टीची रुंदी इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात. 8 नंबर म्हणजे पाव इंच, ठसठशीत नक्षीसाठी. पाकळ्यांच्या छटांना 3 नंबर लागतो.

रंगाई माझ्याकडे. पातेल्यात रंग, सायट्रिक ॲसिड आणि भिजवलेली लोकर. पाणी उकळी फुटायच्या बेतात ठेवायचं. गर्द निळं पाणी हळूहळू नितळ होतं, की रंग बसला. हे बघायला मला आजही तितकंच आवडतं.

तरट मात्र आम्ही विकत नाही. स्वस्त पडतं म्हणून गिऱ्हाईक मागतं, पण आमच्याकडे दुरुस्तीला येणारे जुने गालिचे बघा: वरची लोकर टवटवीत आणि घडी घातली की तळाचा ताग कडकन तुटतो. बाई महिनोन्‌महिने खपून गालिचा भरते, तो नातवंडांपर्यंत टिकायलाच हवा. म्हणून आम्ही लिननच ठेवतो. आकड्यांच्या लाकडी मुठी इथलाच एक कारागीर कातून देतो. मूठ तळहातात नीट बसली नाही तर मनगट दुखतं.

यंदापासून नक्षी, लिनन आणि कापलेल्या पट्ट्या असा पूर्ण संच पाठवतो. लोकर सुटी घेणाऱ्यांना एवढंच सांगणं, की भरायच्या जागेच्या चौपट कापड धरा आणि पार्श्वभूमीचा रंग एकाच खेपेत घ्या. दुसऱ्या पातेल्यातली छटा हुबेहूब जुळेलच असं नाही.