अफरवटच्या बर्फाची नोंद: ईसीटी हाताला बसली, आता पीएसटी

हिमस्खलनाचा धोका तपासायला बर्फात खणतो त्या खड्ड्यातली, म्हणजे पिटमधली, मुख्य चाचणी आता एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट, म्हणजे ईसीटी. कॉम्प्रेशन टेस्ट मागे पडली. तिच्यातला 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब कमकुवत थर तुटतो का एवढंच दाखवतो. पडलेली फट पुढे धावते का, ते त्यात नीट कळत नाही. अख्खा उतार सुटतो तो फट धावल्यामुळे.

गुलमर्गच्या अफरवट शिखराला हे विशेष लागू आहे. डिसेंबरपर्यंत थोडाच बर्फ पडतो आणि मग चिल्लई कलानची चाळीस दिवसांची थंडी लागते. बर्फ जमिनीलगत शून्याच्या आसपास, पृष्ठभागावर मात्र कितीतरी खाली. 10 सेंटिमीटरमागे 1 अंशाहून जास्त फरक राहिला की कण टोकदार आणि सुटे होत जातात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, जाड साखरेसारखे बोटांतून गळतात. त्यावर पश्चिमी विक्षोभाचा बर्फ आणि वाऱ्याने वाहून आणलेला थर बसला की स्लॅब, म्हणजे एकसंध सुटणारा थर, तयार. 2024 चा जानेवारी जवळपास कोरडा गेला, बर्फ फेब्रुवारीत आला, आणि 22 फेब्रुवारीला खिलनमर्गला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. असा हंगाम असेल तर तळाचा थर पाहिल्याशिवाय गंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून हद्दीबाहेर उतरू नये.

हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं बुलेटिन रोज वाचायचंच. पण ते जिल्हा आणि उंची सांगतं. समोरच्या घळीत वाऱ्याने काय साठवलंय, ते तिथेच बघावं लागतं.

पिटची जागा: उतरायचा आहे त्याच दिशेचा आणि तेवढ्याच कोनाचा, पण छोटा उतार, वर काही लटकत नसलेला. आधी प्रोबने (बर्फात खुपसायच्या लांब सळईने) चार ठिकाणी खोली मोजा. खडकाजवळ किंवा जुन्या स्की-खुणांवर खणलेला पिट फसवतो.

ईसीटीचा खांब उताराला आडवा 90 सेंटिमीटर, वरच्या दिशेने 30. मागच्या दोन कोपऱ्यांत प्रोब उभे रोवायचे आणि गाठी मारलेली दोरी त्यांच्यामागून फिरवून आलटूनपालटून ओढत खाली न्यायची. जास्तीत जास्त गडबड इथेच होते. दोरी संशयित थराच्या वरच थांबली, किंवा कोपऱ्यात अडकून तिरकी गेली, तर खांब मागच्या बर्फाला धरून राहतो आणि निकाल खोटाच चांगला येतो. म्हणून दोरी थराच्या खाली गेली का, ते दोन्ही बाजूंनी वाकून बघायचं, मगच ठोके. फावडं एका टोकाला ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10. हात आपल्या वजनाने पडू द्या. जोर लावला की आकड्याला अर्थ उरत नाही.

वाचन: फट पडली त्याच किंवा लगेचच्या ठोक्याला ती पूर्ण 90 सेंटिमीटर पार गेली तर ईसीटीपी, अर्धवट थांबली तर ईसीटीएन, तीस ठोक्यांत काहीच नाही तर ईसीटीएक्स. ठोक्यांच्या आकड्यापेक्षा ‘पी’ महत्त्वाचा. ‘पी’ आला की तशाच दिशेचे 30 अंशांवरचे उतार त्या दिवशी बाद. उलट ‘एन’ किंवा ‘एक्स’ म्हणजे परवाना नव्हे. दहा मीटरवर थर वेगळा असू शकतो. पायाखाली ‘धप्प’ आवाज झाला किंवा स्कीपासून तडे धावले तर पिट खणत बसायचं कारणच नाही, मागे फिरायचं.

बीकनच्या, म्हणजे बर्फात गाडलेल्याला शोधायच्या रेडिओ यंत्राच्या, सरावात एकच बदल: मोबाइल बीकनपासून पाठवण्याच्या मोडमध्ये 20 आणि शोधताना 50 सेंटिमीटर लांब. गरम होणारे हातमोजेही त्यातच धरा, त्यांच्यामुळे अंतराचे आकडे उड्या मारतात.

आता पीएसटी, म्हणजे करवतीने थर कापायची प्रोपगेशन सॉ टेस्ट, कारण थर मीटरभराहून खोल असेल तर ईसीटीचे ठोके तिथवर नीट पोहोचत नाहीत. यात खांब उताराच्या दिशेने उभा, 30 रुंद आणि किमान 100 सेंटिमीटर लांब. थर त्याहून खोल असेल तर लांबी थराच्या खोलीएवढी. करवतीची बोथट कड थरातून उताराच्या खालच्या टोकाकडून वरच्या दिशेने सरकवायची आणि फट आपणहून धावली तिथे थांबून मोजायचं. खांबाच्या निम्म्या लांबीच्या आत सुटून टोकापर्यंत गेली तर धोका. थर बारीक असला की करवत वरखाली भरकटते. म्हणून कापण्याआधी थराची रेघ मऊ ब्रशने मोकळी करून घ्या.