आमची वाटचाल : ट्रॉलीच्या धुऱ्यापासून विलीजच्या एक्सलपर्यंत

जालन्यात स्टीलच्या भट्ट्या नसत्या तर जुन्या जीपा नव्यानं बांधायचा आमचा धंदा कधी उभाच राहिला नसता. गावोगावचं भंगार वितळायला इथं येतं. त्यात अधूनमधून एखाद्या कारखान्याची नाहीतर पंचायत समितीची मोडीत काढलेली जीप असायची. वडील ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं करायचे, पण जीपचं हौसिंग, म्हणजे एक्सलचं लोखंडी कवच, दिसलं की किलोच्या भावानं उचलून आणायचे. आईला तो ढीग अजिबात खपत नसे. पुढं बीड-परभणीकडची हौशी मंडळी जुन्या जीपा नव्यानं बांधून घ्यायला येऊ लागली, तेव्हा हाच ढीग आमचं भांडवल झाला.

या जीपा बहुतेक सीजे-३बी मॉडेलच्या असतात. अमेरिकेत विलीज कंपनीनं ती १९५३ ते १९६८ काढली, आपल्याकडं महिंद्रानं त्यानंतरही. मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं : "मागचा एक्सल गेलाय, बोलेरोचा टाकून द्या." आता हे काही वेडेपणाचं बोलणं नाही. बोलेरोचा माल तालुक्याला मिळतो, ब्रेक बरे असतात आणि हायवेला इंजिन बोंबलत नाही.

अडचण वेगळीच आहे. विलीजच्या ट्रान्सफर केसमधून (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीतून) मागं जाणारा शाफ्ट उजव्या अंगाला निघतो, म्हणून मागचा डिफरन्शियलही (एक्सलमधला, ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) उजवीकडं सरकवलेला असतो. बोलेरोसारख्या टू-व्हील, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, गाडीचा गोळा मधोमध. तो बसवला की शाफ्ट तिरपा चालतो आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचे सांधे, लवकर जातात. नवा एक्सल रुंद, त्यामुळं चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेशो : चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे किती. मूळ क्राऊन (गोळ्यातलं मोठं दातेरी चाक) ४३ आणि पिनियन (त्याला फिरवणारं शाफ्टकडचं छोटं) ८ दात्यांचं, म्हणजे ५.३८. मागं दुसरा रेशो आणि पुढं जुनाच ठेवून फोर-व्हील टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. कोरड्या डांबरावर तर काहीतरी तुटणारच. मग त्या जीपला फोर-व्हीलचा दांडा ठेवायचा तरी कशाला?

फोर-व्हील आधीच काढून टाकलेली, डिझेल इंजिन बसवलेली जीप असेल तर बोलेरोचा एक्सल आम्ही खुशाल लावतो. तिथं मूळपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

भंगारातला एक्सल पारखायला त्यावरच्या रेशोच्या प्लेटवर विसंबू नये. आत कुणी काय भरलंय, सांगता येत नाही. आम्ही एक चाक धरून ठेवतो, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवतो आणि पिनियनचे फेरे मोजतो. पाच आणि वर थोडं अधिक आले तर आपला माल. मग हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) ओढून शाफ्टचं निमुळतं टोक बघायचं. नट ढिला ठेवून गाडी चालवलेली असेल तर चावीची (हब शाफ्टला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच रुंदावलेली दिसते, आणि असा शाफ्ट फुकट मिळाला तरी घेऊ नये. हौसिंग वाकलंय का, ते लेथवर कळतं. दाते झिजले असतील तर क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलायचे. नव्याला जुना जोडला की गाडी रडते, आणि ते रडणं जालना ते अंबड ऐकत जावं लागतं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हीए' मालिकेची नोंदणी आली. त्यात चासी, बॉडी, इंजिन मूळ लागतं. तेव्हापासून एक्सलही मूळच हवा म्हणणारे वाढलेत.

आता धाकटा भाऊ अॅम्बेसेडरची कामं घेतो. पुढच्या चाकांना ताकद जात नसल्यानं तिथं एवढी जुळवाजुळव करावी लागत नाही. जीपचं हौसिंग मात्र अजून मीच निवडतो.