असिट्रॉम, आयएनआर आणि येळवसची भज्जी: माझा अनुभव

माझ्या हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) बदललेला आहे, मेकॅनिकल. त्यामुळे असिट्रॉमची (असेनोकुमारॉल) गोळी जन्मभराची. सगळे तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, पण रक्त काही पातळ होत नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे जे घटक बनवतं, ते काम ही गोळी रोखते. आधी बनलेले घटक संपायला वेळ लागतो, म्हणून आज बदललेला डोस दोन-तीन दिवसांनी रिपोर्टात उतरतो.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा. डॉक्टर सरांनी मला तो २.५ ते ३.५ सांगितलाय. खाली गेला तर व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ धरते, फार वर गेला तर रक्तस्राव.

रक्त देताना माझी नजर नळीवर असते. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं. रक्त खुणेच्या खाली राहिलं की आयएनआर खोटाच जास्त येतो आणि विनाकारण डोस कमी होतो. म्हणून नळी भरली नसेल तर दुसरी घ्यायला सांगतो. लॅब शक्यतो एकच.

आपल्याकडं खरी परीक्षा हिवाळ्यात. करडई, मेथी, हरभऱ्याची भाजी बाजारात येते, मग येळवस (वेळ अमावस्या) आली की शेतात दोन-तीन दिवस भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि शेंगादाण्यांची मिसळ भाजी. एवढा पाला एकदम पोटात गेला की आयएनआर उतरतो. पालेभाजी सोडायची नाही. वर्षभर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. मी येळवसला भज्जी खातो, पण वाटीभर, आणि त्या आठवड्यात दुसरी पालेभाजी नाही.

औषधांचं जास्त जपावं लागतं. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक नको, पोट रक्ताळतं. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आयएनआर चढवते, टीबीची रिफाम्पिसिन पाडते. कंबरेत सुई घेतली तर आत रक्त साकळतं. गावातल्या डॉक्टरांना हे आधीच सांगायचं, "गोळी चालू आहे" म्हणून. तापाला पॅरासिटामॉल चालते, पण रोज चार-पाच दिवस घेतली तर आयएनआर बघून घ्यावा.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. १ आणि २ मिलिग्रॅमची पाकिटं वेगळ्या डब्यांत ठेवा.

शौच काळी झाली, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार लागला तर थांबू नका. व्हॉल्व्हची टिकटिक मंदावून दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तरी आयएनआरच्या रिपोर्टची वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठा.