एकवीस पिकोग्रॅम आणि बाबांची ट्यूब

बाबांच्या कोपरावरचं इसब पावसाळ्यात डोकं वर काढतं. मग टीव्हीशेजारी बेटनोवेटची पिळवटलेली ट्यूब येऊन बसते. परवा रेसकोर्सवरून हात हलवत परतले (पुण्याचा सीझनही नेमका पावसाळ्यात) आणि मलम चोळता चोळता म्हणाले, "त्या मदिना स्पिरिट घोड्याची डर्बी काढून घेतली, तीही असल्या मलमापायी!"

आता माझं पोटच मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रावर. मी माणसांच्या रक्तातली औषधं मोजते, घोड्यांच्या नाही, पण यंत्र तेच.

1 मे 2021ला अमेरिकेतली केंटकी डर्बी जिंकलेल्या त्या घोड्याच्या रक्तात बीटामेथासोन हे स्टेरॉइड निघालं, मिलिलिटरला 21 पिकोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम). घोड्याचं रक्त चाळीस-पन्नास लिटर धरा. सगळ्यात मिळून औषध जेमतेम एक मायक्रोग्रॅम. साखरेचा दाणासुद्धा याच्या कित्येक पट जड.

एवढ्याशा मात्रेला पडद्यावर डोंगर दिसत नाही. गवतासारख्या खरखरीतून एक बारीक टोक वर येतं. ते ठरल्या वेळी आलं का, रेणूचे तुकडे ठरल्या वजनांचे आणि ठरल्या प्रमाणात आहेत का, हे जुळवत बसायचं. त्यात डेक्सामेथासोन हे याचं जुळं भावंड. वजन तंतोतंत तेच, फक्त एक मिथाइल गट उलट्या दिशेला. रेणूंना वेगवेगळं करणारी नळी, म्हणजे कॉलम, जुना झाला की दोघं गळ्यात गळा घालून बाहेर पडतात आणि माझी संध्याकाळ बोंबलते.

"पण एवढ्याने घोडा जोरात पळतो का?"

"नाही पळत, बाबा."

प्रश्न पळण्याचा नाहीच. हेच औषध सांध्यात टोचलं की सूज उतरते, दुखणं दबतं, आणि घोडा दुखऱ्या पायावर अख्खा भार टाकून धावतो. पाय मोडला तर वर जॉकीही असतो. म्हणून केंटकीचा नियम सरळ होता: शर्यतीच्या दिवशी अंगात हे औषध नको. प्रशिक्षक बॉब बॅफर्टच्या बाजूने सांगितलं गेलं की घोड्याच्या पुरळावर ओटोमॅक्स मलम लावलं होतं. त्यात बीटामेथासोन व्हॅलरेट असतं, बाबांच्या ट्यूबमधलंच. टोचायच्या औषधात त्याचंच दुसरं रूप, ॲसिटेट. पुढे लघवीच्या तपासणीतून मलमाचीच बाजू खरी ठरल्याचं बॅफर्टच्या वकिलांनी सांगितलं. तरी फेब्रुवारी 2022 मध्ये विजेतेपद दुसऱ्या आलेल्या मँडलूनकडे गेलं. औषध कुठल्या वाटेने आलं, याला नियमात जागा नव्हती. मला हे पटतं. बाबांना नाही.

मदिना स्पिरिट तोवर उरलाच नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर सरावानंतर कोसळला.

"पुढच्या रविवारी हात धुऊन जा," मी म्हटलं.

"मला कोण हात लावू देतंय घोड्याला!" असं पुटपुटत बाबा उठले, आणि बेसिनकडे गेले.